तार राहिली

“आक्का, तार राहिली!”

रुक्साना ओरडली आणि अख्खं कोर शॉप हसलं. आक्काताईंनी जीभ चावली, कपाळावर हात मारून घेतला आणि नुकताच पेटीतून काढलेला कोर उचलून बाद मालाच्या टोपलीत टाकला.

“डोळं गेलं बाई माझं,” त्या म्हणाल्या. “तू हाईस म्हणून बरं.”

रुक्साना मुल्लाणीला कामाला लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. बावीस वर्षं जुन्या बाईची चूक काढल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. मी भिंतीकडेला स्टुलावर बसले होते. मांडीवरच्या पॅडवर आक्काताईंच्या नावापुढे मी एक फुली मारली. त्या आठवड्यातली ती तिसरी.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या कर्मचारी विभागात मी नुकतीच लागले होते. तेवीस वर्षांची, साताऱ्याची, कर्मचारी व्यवस्थापनाची पदविका घेतलेली. ते प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून टेबलावर काचेखाली ठेवलं होतं, यावरून काय ते ओळखा.

कोर म्हणजे वाळूचा ठोकळा. पंपाच्या पोटात पाणी फिरायला पोकळी लागते. ती ठेवायला साच्यात कोर बसवायचा, त्याच्याभोवती वितळलेलं लोखंड ओतायचं आणि थंड झाल्यावर वाळू फोडून काढायची. कोर करताना लाकडी पेटीत वाळू भरून ठोकतात, आत एक तार खुपसून काढून घेतात, मग गॅस सोडून वाळू कडक करतात. तारेमुळे जे बारीक भोक राहतं, त्यातून ओतताना वायू बाहेर पडतो. तार खुपसायची राहिली, भोक नसेल, तर तोच वायू लोखंडात शिरतो आणि सगळं ओतकाम भंगारात जातं. एवढं सगळं मी तेव्हा वाचून पाठ केलं होतं. वाळूला हात मात्र लावला नव्हता.

कंपनीला त्या वर्षी आयएसओचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी दोन गोष्टी कागदावर दाखवायच्या होत्या. कामगारांना कोण, कसं शिकवतं, आणि कोणाच्या हातून किती माल बाद होतो. आमचे साहेब, शिंत्रे, यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. शिंत्रे साहेब पंचावन्नचे. चष्मा दोरीला बांधलेला, पेन्सिल ब्लेडने तासायची सवय. बोलणं कमी.

“कोर शॉपमध्ये सहा आठवडे बसा, हणबर,” ते म्हणाले. “मालकांनी हद्द ठरवलीय. ज्याचा बाद माल शंभरात पाचाच्या वर, त्याला निवृत्तीची चिठ्ठी. नाव तुमच्या अहवालातनं येणार. तेव्हा नीट बघा.”

मी नीट बघितलं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. कोर शॉपमध्ये वीस बायका. नवी बाई आली की तिला आक्काताई भोपळे यांच्या उजव्या हाताला बसवायचं, ही तिथली रीत. ती कोणी घातली, कोणालाच ठाऊक नव्हतं. आक्काताई पन्नाशी ओलांडलेल्या, नागावच्या. नवरा गुऱ्हाळावर कामाला होता, काहिलीच्या रसाने हात भाजल्यापासून घरी बसून. बाई अशी गरीब, की सगळं शॉप तिची चेष्टा करायचं आणि ती आपली पदर तोंडाला लावून त्यांच्याबरोबर हसायची.

मी एक फॉर्म तयार केला होता. त्यातला सातवा प्रश्न माझ्या खास अभिमानाचा: ‘हे काम तुम्हाला कोणी शिकवले?’ पुढे चार चौकोन. सुपरवायझर, सहकारी, वर्ग, कोणी नाही.

“कोन शिकिवतंय ओ, म्याडम?” रुक्साना म्हणाली. “माझी मीच शिकलो की बघून.” कोल्हापूरकडच्या बायका स्वतःला ‘आलो, गेलो’ म्हणतात, त्याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

“आक्काताई शेजारी असतात ना?”

“आक्का व्हय?” ती खळखळून हसली. “आक्काच्या चुका मीच काढतो न्हवं! म्हातारीला सांभाळून घ्यावं लागतंय.”

एकोणीस बायकांनी ‘कोणी नाही’वर बरोबरची खूण केली. एकोणीस! विसाव्या आक्काताई. त्यांना मी विचारलं, “तुम्ही कोणाला शिकवता का?”

“मी?” त्यांनी वाळूचे हात झटकले. “माझाच हात चुकतोय, म्याडम. मी कुनाला शिकिवणार?”

“मग नवीन बायकांना तुमच्याजवळ का बसवतात?”

“जागा रिकामी असतीया,” त्या म्हणाल्या आणि पेटी ठोकायला लागल्या.

सहा आठवड्यांनी बाद मालाचा तक्ता तयार झाला. सगळ्या बायका तिनाच्या आत. आक्काताई अकरा. अहवालात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘कोर विभागात प्रशिक्षणाची कोणतीही व्यवस्था नाही. कामगार स्वतःच्या निरीक्षणातून शिकतात. श्रीमती आक्काताई भोपळे यांच्या कामाचा दर्जा वयोमानानुसार घसरला असून त्यांना निवृत्ती देणे योग्य ठरेल.’ ‘वयोमानानुसार’ हा शब्द तर मला फार आवडला होता. आज तो आठवला की मान खाली जाते.

गुरुवारी अहवाल साहेबांपुढे ठेवला. सोमवारी चार वाजता मालकांबरोबर बैठक होती. साहेबांनी सगळा वाचला, पेन्सिल तासली, आणि विचारलं, “हणबर, तुम्ही कोर केलाय कधी?”

“नाही, साहेब.”

“मग उद्या करा. मालक विचारायचे, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायच्या.”

शुक्रवारी मी गेले. रुक्सानाला आता स्वतंत्र टेबल मिळालं होतं, त्यामुळे आक्काताईंच्या उजव्या हाताची जागा रिकामीच होती. मी बसले. त्यांनी मला एक पेटी दिली, ठोकणी दिली, आणि पुढे एक शब्द नाही. आपली पेटी भरायला लागल्या. मी त्यांच्याकडे बघून भरली. उघडली तर वाळू शिऱ्यासारखी टेबलावर पसरली. कोणी हसलं नाही. आक्काताईंनी तर बघितलंसुद्धा नाही. मी पुन्हा भरली, पुन्हा तेच. त्यांच्या हाताकडे पुन्हा बघू लागले, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

“आक्काताई, तार?”

“अगं बया!” त्या दचकल्या. कोर उलटा करून बघितला. भोक नव्हतं. “बघा की. तुमी बोललासा म्हणून.”

मला काय आनंद झाला, तो सांगता येणार नाही. सहा आठवडे स्टुलावर बसून फुल्या मारताना झाला नव्हता इतका. त्यानंतर माझी तार एकदाही राहिली नाही. दुपारी मी त्यांची दुसरी चूक पकडली. पेटीच्या कोपऱ्यात वाळू ठोकायची राहिली होती आणि कोराचा कान तुटून आला होता. मी माझे कोपरे दोन-दोनदा ठोकले. चारच्या चहाच्या आधी तिसरी. त्यांनी गॅस पुरता बसायच्या आत पेटी उघडली.

“आक्काताई, घाई केलीत!”

“व्हय की,” त्या खजील होऊन म्हणाल्या.

सुटीच्या भोंग्यापर्यंत माझ्यापुढे पाच कोर रांगेत उभे होते, पाचही चांगले. केसांत वाळू, नखांत वाळू, आणि मी नुसती तरंगत साहेबांच्या खोलीत गेले.

“जमला?” साहेबांनी विचारलं.

“पाच जमले!”

“वा. कोणी शिकवलं?”

“कोणी नाही, साहेब. सोपं असतं. नीट बघितलं की...”

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. हेच वाक्य मी एकोणीस वेळा ऐकलं होतं. एकोणीस वेळा स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं. साहेब पेन्सिल तासत होते. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं.

शनिवारी सकाळी मी टाइम ऑफिसमधून कोर शॉपची जुनी रजिस्टरं मागवली. चार वर्षांची. रोजचे बाद कोर, करणारणीचं नाव, बाद होण्याचं कारण. बरोबर सगळ्या विभागांचे हजेरीपट, म्हणजे कोणती बाई कधी लागली ते कळावं. दुपारी दोनपर्यंत मी जागेवरून उठले नाही.

माझे सहा आठवडे म्हणजे नेमके रुक्सानाचे पहिले सहा आठवडे होते. त्याच्या आधीच्या सात महिन्यांत आक्काताईंच्या नावावर बाद कोर किती? शून्य. सात महिने, एक नाही. त्याआधी मंगल नावाची बाई नवी लागली होती. लगेच आक्काताईंच्या नावापुढे: तार, तार, कोपरा, कोपरा, गॅस. मंगल शिकली, आणि पुन्हा शून्य. त्याआधीच्या बाईच्या वेळीही तेच. चार वर्षांत अकरा नव्या बाया. दर वेळी आधी तार, मग कोपरा, मग गॅस. वयोमानानुसार घसरणारा हात असा क्रमाने चुकत नाही. आणखी एक गोष्ट होती. या चार वर्षांत मशीन शॉपमधून, मोल्डिंगमधून निम्मी नवी माणसं तीन महिन्यांत नोकरी सोडून गेली होती. कोर शॉपमधून एकही नाही.

आक्काताई नळावर हात धूत होत्या. मी सरळ जाऊन उभी राहिले.

“आक्काताई, तुम्ही मुद्दाम चुकता.”

त्यांनी आधी इकडे-तिकडे बघितलं. मग नळ बंद केला.

“कुनी सांगितलं?”

“तुमच्या रजिस्टरने.”

त्या कट्ट्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, “मी लागलो तवा एक मिस्त्री हुता. चुकलं की ठोकणीनं बोटावर मारायचा. माझ्या शेजारची पोरगी आठव्या दिवशी रडत गेली, ती परत आलीच न्हाई. मी मार खाऊन शिकलो. पर म्याडम, बोललं की माणूस आपल्याकडं बघतंय. न्हाई बोललं की कामाकडं बघतंय. आपली चूक निघाली की ऊर दडपतंय. दुसऱ्याची घावली की डोळा उघडतोय.”

“आणि सगळ्या जणी तुम्हाला हसतात ते?”

“हसू देत की. माझं काय झिजतंय?”

त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण आधी जे सांगायचं होतं ते सांगितलं. “आक्काताई, मी तुमचं नाव वर दिलंय. बाद माल जास्त म्हणून. सोमवारी तुम्हाला घरी बसायची चिठ्ठी मिळेल.”

त्यांचा ओला हात पदरातच थांबला. घरी भाजलेल्या हातांचा नवरा, आणि निवृत्तीला अजून बरीच वर्षं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मी अहवाल बदलते,” मी घाईने म्हणाले. “सगळं लिहिते. तुम्ही कसं शिकवता, किती जणींना शिकवलंत...”

“नगासा!” त्या एकदम उठल्या. “शपथ हाय तुमाला. तुमचा कागद फळ्यावर लागतोय, युनियनकडं जातोय. रुक्सानानं वाचलं म्हंजे? तिनं माझ्या धा चुका काढल्यात. घरला जाऊन नवऱ्याला सांगितल्यात. उद्या तिला कळलं, म्हातारी मुद्दाम करती, की तिच्या त्या धा चुका खोट्या झाल्या. तिचं कमावल्यालं मी कशाला काढून घेऊ? आन म्होरं जी येनार, ती बघनारच न्हाई. नुस्ती वाट बघत बसंल, कवा म्हातारी चुकती म्हणून.”

“मग तुमच्या नोकरीचं काय?”

त्यांनी डोळे पुसले. “ते तुमी बघा की. कागद तुमचाच हाय न्हवं?”

रविवार माझा कसा गेला, ते विचारू नका. खरं लिहावं तर त्यांनी बावीस वर्षं जपलेलं काम मोडतं. न लिहावं तर बाई जाते. पदविकेच्या एकाही पुस्तकात यावर उतारा नव्हता.

सोमवारी सकाळी मी साहेबांसमोर उभी राहिले. “साहेब, बैठकीच्या आधी तुम्ही एकदा कोर करून बघा. आक्काताईंच्या शेजारी बसून.”

“मी? या वयात?”

“मालकांनी विचारलं तर?” मी म्हणाले. त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं. ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले आणि मग उठले.

शर्टाच्या बाह्या दुमडून साहेब आक्काताईंच्या उजव्या हाताला बसले तेव्हा सगळ्या बायका कामं सोडून बघत होत्या. पहिले दोन कोर ढासळले. साहेबांचे कान लाल झाले. आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा आवाज घुमला, “अहो आक्काताई, तार! तार राहिली तुमची!”

सगळं शॉप हसलं. साहेब तर लहान मुलासारखे हसले. गेल्या सहा महिन्यांत मी त्यांचे दात बघितले नव्हते. जेवणाच्या सुटीनंतर ते खोलीत आले तेव्हा चष्म्यावर वाळू होती आणि हातात एक कोर, बाळाला धरावं तसा धरलेला.

“जमला की हो! कठीण काहीच नाही त्यात.”

“कोणी शिकवलं, साहेब?”

“शिकवायचं काय त्यात? मी बघून...”

ते थांबले. मी रजिस्टरं त्यांच्यापुढे उघडून ठेवली. अकरा नव्या बायकांची नावं, त्यांच्यापुढे आक्काताईंचे बाद कोर, मध्ये लांबच लांब शून्यं. साहेब बोट फिरवत खाली गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि वाळू पुसत बसले.

“माझी तार मुद्दाम राहू दिली बाईंनी?”

“मुद्दाम, साहेब.”

“आणि मी गावभर ओरडलो.” ते स्वतःशीच हसले. मग गंभीर झाले. “हे कागदावर घालता येणार नाही.”

“नाही. त्यांनी शपथ घातलीय. पण एक करता येईल.” मी रविवारी आखलेला नवा तक्ता पुढे केला. त्यात एक रकाना वाढवला होता: ‘सरावाचे कोर’. नवी बाई ज्या टेबलाजवळ बसते, त्या टेबलावर पहिले सहा आठवडे जे कोर बाद होतील ते या रकान्यात. कोणाच्याच नावावर नाहीत. या हिशेबाने आक्काताईंचा बाद माल होता शून्य.

साहेबांनी तो तक्ता दोनदा वाचला. माझ्या जुन्या अहवालातलं शेवटचं पान काढून त्याच्या चार चिंध्या केल्या.

“मालकांनी विचारलं, हा रकाना कशाला, तर?” मी विचारलं.

“तर त्यांनाही बसवू स्टुलावर,” साहेब म्हणाले.

मालकांनी विचारलं नाही. प्रमाणपत्र मिळालं. नव्या रकान्याचं शॉपमध्ये कौतुक झालं. नव्या बायकांची चूक आता धरत नाहीत, असं सगळ्या एकमेकींना सांगत होत्या. आक्काताई मला गेटपाशी भेटल्या. पिशवीतून गुळाची ढेप काढून माझ्या हातात ठेवली आणि बसला पळाल्या.

मी त्या कंपनीत राहिले. साहेब गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसले. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काचेखालून केव्हाच काढून टाकलं होतं. आक्काताई वय झाल्यावर रीतसर निवृत्त झाल्या. तोवर रुक्साना कोर शॉपची सुपरवायझर झाली होती. निरोपाच्या कार्यक्रमात तीच पहिली बोलली.

“खरं सांगू का?” ती म्हणाली. “आक्कांनी आमाला एक अक्षर शिकिवलं न्हाई. आमीच त्यांच्या चुका काढून काढून शिकलो!”

टाळ्या, हशा. मंडपात सगळ्यांत जास्त आक्काताई हसत होत्या, मांडीवर नारळ, तोंडाला पदर. मग माझं नाव पुकारलं. मी दोन पानं लिहून आणली होती. इतक्या वर्षांचं मनात साठलेलं, आता तरी सांगावं म्हणून. मी माइकसमोर उभी राहिले आणि आक्काताईंचं हसू थांबलं. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या.

मी कागदाची घडी घातली.

“आक्काताईंनी मलाही काही शिकवलं नाही,” मी म्हणाले. “मी नुसतं बघून शिकले.”

पुन्हा हशा झाला. आक्काताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

कार्यक्रम आटोपून सगळ्या जणी कामाला लागल्या. मी आक्काताईंना सोडायला गेटकडे निघाले. वाट कोर शॉपवरून जाते. आम्ही त्या दाराशी येतोय तोच आतून एक कोवळा आवाज खणखणला. सोमवारीच लागलेल्या नव्या बाईचा.

“रुक्सानाताई, तार राहिली तुमची!”

आणि त्यामागून रुक्सानाचा, “अगं बया! डोळं गेलं माझं.”

माझे पाय जागीच थांबले. रुक्सानाला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. आक्काताई दारात उभ्या राहिल्या. आत बघितलं नाही, फक्त ऐकलं. मग नारळ पिशवीत नीट ठेवला.

“चला, म्याडम,” त्या म्हणाल्या. “आता जातो मी.”